क्रॅक-फिलरचा डबा: चीर, भेग, तडा, फट यांतलं तो नेमकं काय भरतो?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "भिंतीला क्रॅक गेलाय, भरायला काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर एकच डबा येतो. आत पांढरी, लोण्यासारखी मऊ ॲक्रिलिक पेस्ट. कालवायची गरज नाही, प्रमाण चुकायची भीती नाही. पट्टीवर घ्यायची आणि भरायची. वस्तू चांगली आहे. पण तिच्याविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, "वर्षात परत उघडलं", "रंगातून रेघ दिसते", "पावसाळ्यात ओल आलीच", त्यांत बहुतेक वेळा दोष पेस्टचा नसतो. ती नको तिथे भरलेली असते. आणि नको तिथे भरली जाते कारण डब्यावर, दुकानात आणि आता घरातही एकच शब्द उरला आहे: क्रॅक.

मराठीत या जागांना वेगवेगळी नावं आहेत आणि प्रत्येक नावाचं क्रियापदही वेगळं आहे. चीर पडते. भेगा पडतात. तडा जातो. फट राहते. सांधा सुटतो. पोपडा निघतो. हे क्रियापद नीट ऐकलं तर कारण त्यातच सांगितलेलं असतं. फट राहते म्हणजे दोन वस्तू मुळातच वेगळ्या होत्या, त्यांच्यामध्ये जागा उरली. काही तुटलेलं नाही. तडा जातो तो अखंड, ठिसूळ वस्तूला, ताण सहन न होऊन: काचेला, मडक्याला, विश्वासाला. भेगा पडतात त्या वाळल्यामुळे, आकसल्यामुळे: तळ्याच्या गाळाला, चैत्रातल्या रानाला, टाचांना. म्हणून भेगा बहुधा अनेकवचनी असतात. सांधा सुटतो म्हणजे जे जोडून होतं ते आता आपापलं हलायला लागलं. गवंड्याला किंवा रंगाऱ्याला फोनवर "क्रॅक आहे" सांगितलं तर तो डबा घेऊन येतो. "कठड्याचा सांधा सुटलाय" सांगितलं तर निदान योग्य हत्यार घेऊन येतो.

खालचं परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या डब्याचं नाही. बाजारातल्या सगळ्या तयार ॲक्रिलिक पेस्ट बऱ्याच सारख्या स्वभावाच्या असतात, आणि कोणत्या शब्दापुढे त्या टिकतात हेच बघायचं आहे.

भेगा आणि चिरा: इथे डबा आपल्या घरी आहे

गिलाव्यावर सुकलेल्या तळ्यासारखं जाळं दिसतं त्या भेगा. गिलाव्यात सिमेंट जास्त पडलं, वाळू फार बारीक होती किंवा पाणी मारायचं लवकर थांबलं की गिलावा झटपट सुकतो आणि आकसतो. मागची भिंत त्याला आकसू देत नाही, म्हणून तो फाटतो. निदान सात दिवस पाणी मारायला हवं. एप्रिल-मेमध्ये अनेक ठिकाणी ते दोन दिवसांत थांबतं आणि त्याची खूण भिंतीवर उमटते. या भेगा पडायच्या तेवढ्या पहिल्या काही महिन्यांत पडतात आणि मग थांबतात. थांबलेली जागा भरायला ही पेस्ट उत्तम.

चीर म्हणजे सुरीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ. चिरण्याचंच हे नाव. कोकणात जांभा कापून काढतात तो चिरा आणि त्याचा बांधलेला वाडा चिरेबंदी, तेही याच घरातले शब्द. चीर भरण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: रुंदी किती, आणि ती अजून हलते आहे का.

रुंदी मोजायला महागडं काही लागत नाही. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो, एटीएम कार्ड 0.76 मिमी. कागदाची एक घडी जेमतेम शिरली तर 0.2 मिमीच्या आसपास. कार्डाची कड सहज आत गेली तर प्रकरण पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेलं आहे. हलते का ते बघायला चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहायची. शंका जास्त असेल तर काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने, चिकटवायची. चीर हलली तर काच तुटते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढता आला तर फार बरं. घाई असेल तरी दोन महिने थांबा.

आता भरणं. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: बारीक चिरेवरून पेस्टची पट्टी नुसती फिरवली जाते. पेस्टमध्ये बारीक दगडी भुकटी असते, ती केसाएवढ्या चिरेत शिरतच नाही. ती चिरेच्या आत न जाता चिरेवर बसते आणि पॉलिश पेपर मारताना निम्मी निघून जाते. म्हणून चीर आधी उघडावी लागते, हे कितीही उलटं वाटलं तरी. त्रिकोणी स्क्रेपर, हॅकसॉचं जुनं पातं किंवा काम मोठं असेल तर ग्राइंडर घेऊन 5 मिमी रुंद आणि 5 मिमी खोल, आत निमुळती होत जाणारी खाच पाडायची.

खाच पाडताना भुग्याकडे लक्ष ठेवा. पांढरा, पिठासारखा भुगा म्हणजे अजून पुट्टीतच आहात. करडा, खरखरीत म्हणजे गिलावा लागला. लाल दिसला तर विटेला पोचलात. चीर पुट्टीतच संपत असेल तर सगळं काम अर्ध्या तासाचं. गिलाव्यात संपत असेल तरी डबा पुरेसा आहे. विटेत शिरून पुढे जात असेल तर ती गिलाव्याची चीर नाही, भिंतीची आहे, आणि तिचं नाव कदाचित तडा असेल. तिथे थांबा. जाता जाता आजूबाजूचा गिलावा नाण्याने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर गिलावा मागून सुटलेला आहे, आत पोकळी आहे. पोकळीवर पेस्ट भरून काही होत नाही, तेवढा गिलावा पाडून नवा करावा लागतो.

खाच झाली की कोरड्या ब्रशने धूळ काढायची, मग ओल्या स्पंजने पुसायचं. जागा दमट असावी, पाण्याने चमकता कामा नये. अगदी कोरडी राहिली तर गिलावा पेस्टमधलं पाणी शोषून घेतो आणि पेस्ट चिकटायच्या आधीच कडेने सुटते. पहिली पट्टी चिरेला आडवी दाबायची, म्हणजे पेस्ट तळापर्यंत बसते. दुसरी चिरेच्या दिशेने ओढायची. एका वेळी 3 मिमीपेक्षा जाड थर नको. पेस्ट वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी जातं, आणि पाणी गेलं की ती तेवढी बसते. जाड थरात कडा आधी सुकतात, मधला भाग मागून. मग मध्ये खोलगट उतरतो किंवा पेस्टलाच नवी भेग पडते. पहिला थर, रात्रभर थांबा, मग दुसरा. दुसरा भिंतीपेक्षा कागदभर उंच ठेवायचा आणि वाळल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करायचा.

"रंगातून रेघ दिसते" ही तक्रार इथेच निपटते. रेघ दिसली की लोक समजतात चीर परत उघडली. बहुतेकदा तसं नसतं. भरलेली जागा आणि भोवतीचा जुना रंग नवा रंग सारखाच शोषत नाहीत, म्हणून त्या पट्ट्याची चमक वेगळी पडते. उपाय साधा आहे: भरलेल्या जागेवर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त घेऊन प्रायमरचा हात, आणि मग रंग तेवढ्या तुकड्याला न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आख्ख्या भिंतीला.

मालाचा अंदाज: 5 बाय 5 ची निमुळती खाच म्हणजे मीटरला साधारण 12-13 मिली पेस्ट. एक किलोच्या डब्यात 600 मिलीच्या आसपास माल धरला आणि पट्टीवर, पेपरखाली जाणारा वजा केला तरी 30-35 मीटर चीर भरते. दोन खोल्यांच्या घराला एक किलो पुरून उरतं. पाच किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो आणि उरलेला घट्ट होऊन टाकावा लागतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा उघडणारी पण अगदी बारीक चीर असेल, मिलिमीटरच्या आतली, तर पेस्टच्या दोन थरांमध्ये 50 मिमी रुंदीची फायबरची जाळीदार पट्टी घालावी. ताण एका रेघेवर न येता पट्टीभर विभागला जातो. पट्टी मात्र वर तरंगता कामा नये. तिच्यासाठी पुट्टी आधी दोन्ही बाजूंनी खरवडून जागा करावी लागते, नाहीतर भिंतीला उंचवटा दिसतो.

बाहेरच्या भिंतीला आणखी एक अट आहे: उघडीप. पावसातला खंड आणि उघडीप यांतला फरक रंगाऱ्याला नेमका कळतो. खंड हा शेतकऱ्याचा शब्द, पिकाला पाणी हवं असताना पाऊस दडी मारतो तो. उघडीप म्हणजे आभाळ मोकळं झालं, कामाला हात घालता येईल. बाहेरून पेस्ट भरायची तर थर, वाळणं, दुसरा थर, वाळणं, प्रायमर मिळून चार दिवसांची सलग उघडीप लागते. दोन दिवसांच्या उघडिपीत भरलेली पेस्ट पुढच्या सरीत दुधासारखी ओघळताना दिसते, कारण ती पाण्यातलीच असते आणि पुरती वाळेपर्यंत पाण्यातच परत जाते. दिवाळीनंतरचे महिने या कामाला सगळ्यात चांगले.

फट: आधी विचारा, ती राहिली आहे की ठेवली आहे

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते. ती या पेस्टने भरलेली सर्रास दिसते आणि पहिल्या उन्हाळ्यातच चौकटीच्या कडेने दोऱ्याएवढी रेघ उघडते. ॲल्युमिनियम तापल्यावर काँक्रीटच्या साधारण दुप्पट वाढतं. शिवाय त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग पेस्टला धरायला काही देत नाही. इथे पेस्ट नको, सीलंट हवं: नळीतून, बंदुकीने भरायचं, वाळल्यावर रबरासारखं राहणारं.

सीलंटमध्येही निवड आहे. आतल्या बाजूने, रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक सीलंट चालतं. बाहेरून, पावसाच्या तोंडावर न्यूट्रल सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन काचेला छान धरतं, पण सिमेंटच्या अल्कलीपुढे त्याची पकड टिकत नाही आणि काही धातूंना ते गंजवतं. दुकानदार तेच आधी देतो कारण ते स्वस्त आहे, म्हणून नळीवर "न्यूट्रल" लिहिलेलं वाचूनच घ्या. आणि सिलिकॉनवर कोणताही रंग बसत नाही हे लावायच्या आधी लक्षात असू द्या. नंतर ते पूर्ण खरवडून काढण्यात दिवस जातो आणि तरी त्याचा तेलकट थर मागे राहतोच.

बेसिन आणि टाइल यांच्यामधल्या फटीला बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन. दाराच्या चौकटीमागची बोटभर फट असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) फोम. फट निम्मीच भरा, बाकीची तो फुगून भरतो. जास्त मारला तर चौकट आत दाबली जाते आणि दार लागत नाही. फोम उन्हात पिवळा पडून भुसभुशीत होतो, म्हणून वरून गिलावा किंवा पट्टी हवीच.

आता ठेवलेली फट. लाकडी दाराच्या कडेला मे महिन्यात नाण्याएवढी फट दिसते. ती भरू नका. जुलैत लाकूड दमट हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि तीच फट पुरेनाशी होते. सुताराने ती मोजून ठेवलेली असते. टाइल्समधली 2-3 मिमीची फटही ठेवलेलीच, तिच्यात ग्राऊट, म्हणजे टाइलच्या फटींसाठीचा माल, जातं, ही पेस्ट नाही. पाण्याच्या जागी पेस्ट मऊ पडायला लागते. आणि मोठ्या इमारतीत दोन विंगांमध्ये सरळ वरपासून खालपर्यंत दिसणारी फट ही तर सगळ्यात जपून ठेवलेली असते. आयएस 456 या भारतीय मानकात 45 मीटरपेक्षा लांब काँक्रीटच्या इमारतीला असे प्रसरण सांधे देण्याची सूचना आहे. "पाणी येतं" म्हणून त्यात सिमेंटचा माल ठासून भरणारे कंत्राटदार भेटतात. मग इमारत तापली की वाढायला जागा राहत नाही आणि ती शेजारीच, अखंड भिंतीत, आपली जागा स्वतः करून घेते.

सांधा: पेस्ट हमखास हरते ती जागा

गच्चीच्या स्लॅबवर कठडा बसतो तिथे, विटांची भिंत काँक्रीटच्या कॉलमला भिडते तिथे, बीमच्या पोटाखाली, छज्जा भिंतीतून बाहेर येतो तिथे. सरळ, लांब, पट्टीने आखल्यासारखी रेघ दिसली की ती चीर म्हणू नका. तो सुटलेला सांधा आहे, आणि तो दररोज हलतो.

हिशोब करून बघण्यासारखा आहे. काँक्रीट एका अंश सेल्सिअसला प्रत्येक मीटरमागे सुमारे 0.01 मिमी वाढतं. गच्चीचा 10 मीटरचा स्लॅब पहाटे आणि दुपारी यांत 30 अंशांनी तापला तर 3 मिमी लांबतो. त्याच्या टोकाचा सांधा 5 मिमी रुंद भरला असेल, तर ती भरलेली पट्टी रोज 60 टक्के ताणली किंवा दाबली जायला हवी. आपली पेस्ट वाळून खडूसारखी होते. तिच्याकडून ही अपेक्षाच करता येत नाही. चांगलं पीयू किंवा सिलिकॉन सीलंट 25 टक्के आकुंचन-प्रसरण झेलतं. म्हणजे 3 मिमी हालचालीला सांधा 12 मिमी रुंद करावा लागतो. बारीक रेघ रुंद करायला लोक घाबरतात, पण रुंद पट्टीला ताण कमी येतो, एवढंच त्यामागचं गणित आहे.

खोली रुंदीच्या निम्मी: 12 मिमी रुंदीला 6 मिमी. उरलेल्या खोलीत बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी. ती सांध्यापेक्षा पाव हिस्सा जाड घ्यायची, 12 मिमीच्या सांध्याला 15 मिमीची, म्हणजे दाबून घट्ट बसते. ही दोरी फक्त माल वाचवायला असते असा समज आहे, आणि म्हणून ती गाळली जाते. तिचं खरं काम वेगळं. सीलंटने फक्त दोन बाजूंना, डावीकडे आणि उजवीकडे, धरायला हवं. दोरी नसेल तर ते तळालाही चिकटतं. मग सांधा उघडताना मधल्या भागाला ताणायला मोकळीक उरत नाही आणि पट्टी मधोमध उभी फाटते. फाटलेली पट्टी कापून बाहेर काढा: दोन्ही कडा भिंतीला घट्ट चिकटलेल्या, मधेच फाटलेली आणि पाठीला सिमेंटचा करडा थर आलेला. दोष सीलंटचा नाही हे तो थरच सांगतो. दोरी बसत नसेल इतका सांधा उथळ असेल तर तळाला साधी प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावली तरी काम होतं, कारण तिला सीलंट धरत नाही.

300 मिलीच्या नळीत 12 बाय 6 चा सांधा साधारण चार मीटर भरतो. नळीचं तोंड तिरकं, 45 अंशांत कापा, भोक सांध्यापेक्षा थोडं बारीक ठेवा, बंदूक न थांबता चालवा. भरल्यावर लगेच साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या गोल दांडीने आत दाबून किंचित खोलगट करा. वरचा पापुद्रा पंधरा-वीस मिनिटांत धरतो, पण आतून ते दिवसाला 2-3 मिमीच पिकतं, आणि त्यासाठी हवेतला दमटपणा लागतो. कोकणात तीन दिवस पुरतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जास्त थांबा.

कठड्याच्या सांध्याला सीलंटनंतर वाटा मारायला विसरू नका: स्लॅब आणि कठड्याच्या कोपऱ्यात मालाची गोलाई, म्हणजे पाणी सांध्यावर उभं राहत नाही. नवं बांधकाम चालू असेल तर मात्र कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधीच दोन्ही बाजूंना 150 मिमी जाईल अशी कोंबडी-जाळी खिळ्यांनी ताणून बसवून घ्या. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या, भिंतीत तर हे टाळूच नका, कारण ब्लॉक स्वतःच वाळताना आकसतात आणि सांधे हमखास दिसायला लागतात.

तडा: इथे डब्याचं झाकण उघडू नका

खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपा चढत जाणारा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळता, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारा, तो तडा. पाटातून पाणी वाहतं तसा भार भिंतीतून खाली जात असतो. तडा गेला म्हणजे त्या भाराने वाट बदलली. पेस्टने तो झाकला जातो, आणि झाकणं हेच इथे सगळ्यात घातक, कारण पुढच्या माणसाला तो दिसत नाही. आयएस 456 प्रमाणे काँक्रीटच्या पृष्ठभागावरच्या चिरा सर्वसाधारणपणे 0.3 मिमीच्या पुढे जाऊ नयेत, सतत दमट जागी 0.2 मिमीच्या. बीम किंवा कॉलमवरच्या चिरेत कागदाचे तीन पदर शिरत असतील तर रंगारी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

कोयना धरणाचं उदाहरण या शब्दाचं वजन दाखवतं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात धरणाच्या भिंतीला आडवे तडे गेले, मुख्यतः जिथे मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. ते इपॉक्सी दाबाने आत भरून सांधले गेले आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन भिंत जाड केली. तडा भरला, पण त्याआधी तो तिथेच का गेला हे शोधून ती जागा बळकट केली. घरातल्या तड्याचाही क्रम तोच. इपॉक्सी इंजेक्शनमध्ये तड्यावर 150 ते 300 मिमी अंतराने निपल, म्हणजे छोट्या नळ्या, बसवतात, मधली रेघ इपॉक्सी पुट्टीने बंद करतात आणि पातळ इपॉक्सी सगळ्यात खालच्या निपलमधून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत दाबतात. हे घरी करायचं काम नाही.

काळ्या मातीवरच्या घरांची गोष्ट निराळी. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. वरच्या भिंतीचे तडे मेमध्ये रुंदावतात, ऑगस्टमध्ये मिटतात. मेमध्ये पेस्ट भरली तर पावसाळ्यात ती चिमटून बाहेर फेकली जाते, पावसाळ्यात भरली तर उन्हाळ्यात फाटते. इथे पैसे भिंतीवर घालण्याआधी घराभोवतीच्या पाण्यावर घाला: छपराचं पाणी पायापासून दूर न्या, भोवती बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करा, गळकी मोरी दुरुस्त करा, भिंतीला लागून असलेलं झाड आणि रोजचं पाणी लागणारा वाफा दूर हलवा.

तड्यासारखीच फसवणारी जागा म्हणजे पोपडा. बीमच्या पोटाला सळईच्या रेषेत लांब चीर, तिच्याकडेने तपकिरी डाग, मग पोपडा. आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून ढकलतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. वरून पेस्ट भरली की गंज आत चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडा मोठा होऊन पडतो. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढणं, गंज घासणं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल), हाच मार्ग. सोसायटीत असा पोपडा दिसला तर एकाच फ्लॅटपुरता बघू नका. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, ते झालंय का विचारा.

दर्जा, झिरी, भोक

दगडी बांधकामात दोन दगडांमधली जागा ती दरज, आणि ती भरण्याचं काम म्हणजे दर्जा भरणं. जुन्या वाड्याच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत ॲक्रिलिक पेस्ट दिसली की वाईट वाटतं. जुन्या दर्जांत चुना असतो; तो मऊ असतो, ओल त्यातून बाहेर पडते, भिंत श्वास घेते. तिथे पेस्ट किंवा कडक सिमेंट भरलं की ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचेच पापुद्रे सुटायला लागतात. दर्जा रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळ्या करा, पाणी मारा, चुन्याचाच माल दाबून भरा आणि गोणपाट ओलं ठेवा.

वायरिंगसाठी भिंतीत मारलेली झिरी ही पाडलेली जागा, पडलेली नाही. तिला पेस्ट फार महाग आणि फार मऊ. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, वरून जाळीची पट्टी, पाइपवर निदान 15 मिमी माल. खिळ्याच्या, प्लगच्या भोकाला मात्र पेस्ट छान. दोनदा भरावी लागते एवढंच. पाइपला भोक पडलं असेल तर इपॉक्सी पुट्टी. दोन्ही वड्या समसमान घेऊन रंगाच्या रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत मळा. बहुतेक अपयश अर्धवट मळण्याचं असतं: रेषा राहिली तिथे ती पुट्टी कधीच कडक होत नाही.

डबा घेताना झाकणाखालची तारीख बघा आणि डबा हलवून बघा. आत पाणी वेगळं होऊन डचमळत असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर लागेल तेवढाच माल पत्र्यावर काढा. भुगा लागलेली पट्टी परत डब्यात बुडवली की पुढच्या वेळी त्या कणांच्या रेघा भिंतीवर ओढल्या जातात. उरलेल्या पेस्टचा वरचा भाग सपाट करून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा हवा न ठेवता दाबून बसवा, मग झाकण. कडेची वाळलेली खपली आत पडू देऊ नका. अशी ठेवलेली पेस्ट पुढच्या दिवाळीला तशीच मऊ मिळते.